नव्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन नेताना ओव्हीए नको, अख्खं फोल्डर उचला

तापीकाठ:
संगणक फॉरमॅट करायचा म्हटलं की जो तो व्हर्च्युअलबॉक्समधून, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, एक्सपोर्ट करून ओव्हीए, म्हणजे मशीनची एकच गठ्ठा फाइल, काढायला सांगतो. मला हे पटत नाही. सावदा-रावेरचे केळी व्यापारी असोत की धुळ्याच्या जिनिंग, विंडोज ७ च्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं ते जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि त्याचं लायसन्स बऱ्याचदा मशीनच्या ओळखीला बांधलेलं असतं. ओव्हीए इम्पोर्ट केलं की मशीनला नवा यूयूआयडी (ओळखक्रमांक) मिळतो आणि लायसन्स रुसतं. शिवाय स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या आधी जपून ठेवलेल्या स्थिती, ओव्हीएत येतच नाहीत, फक्त आत्ताची स्थिती येते.

त्यापेक्षा मशीन पूर्ण शटडाउन करा. सेव्ह स्टेटवर, म्हणजे चालू स्थितीतच गोठवून, ठेवू नका, प्रोसेसर बदलला की ती स्थिती उघडेलच असं नाही. मग मशीनचं सगळं फोल्डर कॉपी करा: व्हीबॉक्स फाइल (मशीनच्या सेटिंगची), व्हीडीआय (मशीनची आभासी डिस्क) आणि स्नॅपशॉट्सचं फोल्डर. नव्या संगणकावर ‘अ‍ॅड’मधून व्हीबॉक्स फाइल दाखवा. नवीन मशीन बनवून मूळ व्हीडीआय जोडायची घाई नको. स्नॅपशॉट असतील तर त्या डिस्कवर पहिल्या स्नॅपशॉटपर्यंतचाच डेटा असतो, आणि ती एकदा चालू करून त्यावर काही लिहिलं गेलं की पुढचे सगळे स्नॅपशॉट निकामी.

चोपडेकर:
भाऊ, सगळ्या डिस्क त्याच फोल्डरात आहेत हे तुम्ही गृहीत धरलं. दुसरी डिस्क डी ड्राइव्हवर असेल तर व्हीबॉक्स फाइलमध्ये तिचा पूर्ण पत्ता असतो. नव्या संगणकावर तो पत्ता नसला की मशीन चालूच होणार नाही, आणि तोवर डी ड्राइव्ह पुसला गेला असेल तर? ओव्हीए सगळ्या डिस्क एका फाइलीत गोळा करतं. एक्सपोर्ट करताना मॅनिफेस्टची खूण चालू ठेवली तर इम्पोर्टच्या वेळी चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा आकडा) तपासला जातो, अर्धवट कॉपी तिथंच पकडली जाते. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) टिकवायचा तर एक्सपोर्ट आणि इम्पोर्ट दोन्ही वेळा ‘सगळ्या अ‍ॅडॉप्टरचे पत्ते’ हा पर्याय निवडा.

तापीकाठ:
चेकसमसाठी ओव्हीएच कशाला? विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ कमांडचा हॅशफाइल पर्याय दोन्हीकडे चालवा, आकडे जुळवा. पेनड्राइव्ह मात्र एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवा, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही. आणि जुनी विंडोज उघडतच नसेल तर एक्सपोर्टचं बटण कुठून आणणार? डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला, फोल्डर मिळतं.

जिनिंगवाला, धुळे:
तुम्ही दोघं फाइलीवर भांडताय भो, काम अडतं ते यजमान संगणकावर, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर मशीन चालतं त्यावर. पहिलं बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय चालू करा: इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा, आधीच प्रोसेसरची ती सोय धरून बसते. मशीनच्या खिडकीत खाली कासवाचं चिन्ह दिसलं की समजा, मशीन रखडत चालणार.

जिनिंगमध्ये खरा घोळ भुईकाट्याचा, म्हणजे संगणकाला जोडलेल्या गाड्या तोलायच्या काट्याचा. मशीनचा सिरियल पोर्ट यजमानाच्या कॉम१ ला जोडलेला असतो. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. यूएसबी-सिरियल वायर लावली की कॉम३ किंवा कॉम४ मिळतो, मशीन चालू होताना त्रुटी देऊन थांबतं. सेटिंगमध्ये यजमानाच्या पोर्टचं नाव बदला, मशीनच्या आतलं कॉम१ तसंच राहू द्या, काट्याच्या सॉफ्टवेअरला काही कळायची गरज नाही. ब्रिज्ड नेटवर्कचंही (मशीन यजमानाच्या नेटवर्क कार्डातून थेट जोडलेलं असतं ते) तेच, नव्या कार्डाचं नाव निवडावं लागतं.

चोपडेकर:
पोर्टाचं पटलं. लायसन्स बांधलेलं असेल तिथं फोल्डर, हेही मान्य. पण व्हीएमवेअरवर जायचं असेल तर ओव्हीएच. आणि कुठलीही पद्धत घ्या, फॉरमॅट करण्याआधी ते मशीन दुसऱ्या एखाद्या संगणकावर चालू करून हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून बघा. त्याच संगणकावर फॉरमॅट मारायचा असेल तर नवी एसएसडी लावा, जुनी डिस्क बाजूला ठेवा.

तापीकाठ:
यावर वाद नाही. फक्त जुनी डिस्क जोडलेली असताना त्याच व्हीडीआयच्या दोन्ही प्रती एकाच व्हर्च्युअलबॉक्समध्ये नोंदवू नका, यूयूआयडी एकच असल्यानं दुसरी नाकारली जाते.