क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नक्की नोकरी कुठे करतात? एका टिकमध्ये कसं मावणार?

निशाचर:
अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या डिव्हिजन १२ चे, म्हणजे मानसिक त्रासाची तपासणी आणि उपचार करणाऱ्या क्लिनिकलवाल्यांच्या विभागाचे, जुने सर्व्हे वाचत बसलोय. १९६० मध्ये 'मुख्य काम प्रायव्हेट प्रॅक्टिस' म्हणणारे १७ टक्के, २०१० मध्ये ४१ टक्के. यावरून लोक सरळ म्हणतात की विद्यापीठं, हॉस्पिटलं सोडून सगळे आपापलं क्लिनिक थाटून बसले. मला नाही पटत. जी बाई सकाळी हॉस्पिटलात टेस्टिंग करते, दुपारी दोन लेक्चर घेते आणि संध्याकाळी स्वतःचे पेशंट बघते तिने मुख्य म्हणून कशावर टिक करायची? पगार जिथला जास्त तिथे की वेळ जातो तिथे की कार्डावर जे छापलंय ते?

आकडेमोड:
निशाचर, अर्धंच वाचलंत. त्याच सर्व्हेत थेरपीला किती टक्के वेळ जातो, असेसमेंटला म्हणजे तपासणीला किती, शिकवण्याला, रिसर्चला किती हे पण विचारलेलं असतं. नोकरी सांभाळून पार्ट-टाइम प्रॅक्टिस करता का हेही. आणि मुख्य मुद्दा म्हणजे प्रश्न जवळपास तोच ठेवला म्हणून तर पन्नास वर्षांची तुलना करता येते, दर वेळी नवीन शहाणपण घातलं तर मागचे आकडे रद्दीत!

निशाचर:
बरं, वेळेचं मान्य. पण ते काम कोणतं याबद्दल झालं, कुठे केलं याबद्दल नाही. थेरपी क्लिनिकात पण होते आणि हॉस्पिटलात पण. आठवड्याचे तास जागेप्रमाणे विचारा, एवढंच म्हणतोय.

टिंबटिंब:
तुम्ही दोघं टिकवरून भांडताय, पण फॉर्म जातो कुणाला? डिव्हिजनच्या मेंबरांना. मेंबरशिप घेतलीच नाही तो बाहेर, ज्याने कंटाळून लाइन सोडली तोही बहुतेक बाहेरच. शिवाय स्वतंत्र प्रॅक्टिसवाल्यांचं वेगळं डिव्हिजन ४२ आहे, त्यातले कितीतरी १२ मध्ये नसणारच. म्हणजे ४१ हा आकडा उलट कमीच असेल असं मला वाटतं.

आकडेमोड:
हे मात्र खरंय, इथे मी गप्प. पण निशाचरचा मुद्दा याने सुटत नाही, उलटाच पडतो 😄 निशाचर, तुम्ही म्हणताय प्रॅक्टिसचा आकडा फुगवलाय, टिंबटिंब म्हणतात दबलाय.

निशाचर:
फुगवलाय असं म्हटलंच नाही, गुळगुळीत केलाय असं म्हणायचंय. तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्यात काम करणारा माणूस त्या टक्केवारीत एकसंध दिसतो, आणि तो तसा का करतो, आवड म्हणून की फुल-टाइम जागा मिळत नाही म्हणून, हे कळतच नाही.

आकडेमोड:
'का' साठी मुलाखती घ्या ना मग. तासांचा तक्ता काढलात तर अर्धे लोक फॉर्म मधेच सोडतील, आधीच निम्म्यांच्या आसपास उत्तरं येतात.

टिंबटिंब:
आणि फॉर्म सोडणारे नेमके तेच, तीन ठिकाणी धावणारे 🙏