एस१९ चं वीजबिल कमी करायचंय, भुसावळचा उन्हाळा आहे

तापीकाठ: बिटकॉइन मायनिंगचं मशीन आहे, अँटमायनर एस१९, ९५ टेराहॅश (म्हणजे सेकंदाला ९५ लाख कोटी हॅश, ही मशीनची गणिताची गती), एकच नग, पत्र्याच्या शेडमध्ये. ३२५० वॅट, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. एप्रिलपासून दुपारी तापून बंद पडतं. एसी लावू, कूलर लावू की सोलर?

वायरमन_यावल: एसी नको भो. ३२५० वॅटचं मशीन म्हणजे तेवढ्याच वॅटचा हीटर; ती उष्णता उपसायला एसी वर हजारेक वॅट खाईल. आधी मशीनचाच वेग उतरवा. चिपची वीज फ्रिक्वेन्सीच्या (चिपच्या वेगाच्या) प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे दोन्ही उतरवले की हॅशरेट (टेराहॅशचा आकडा) पडतो त्यापेक्षा वीज जास्त पडते.

कंपनीच्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) चिपच्या व्होल्टेजला हात लावता येत नाही. ब्रेन्स ओएस किंवा व्हीनिश हे बाहेरचं फर्मवेअर टाकावं लागतं. वॉरंटी जाते, डेव्ह फी (फर्मवेअर बनवणाऱ्यांचा वाटा) कापतात, आणि काही कंट्रोल बोर्ड लॉक असतात, ते आधी बघा. त्यातल्या ऑटोट्यूनला (फ्रिक्वेन्सी-व्होल्टेज आपोआप जुळवणारी सोय) २००० वॅटचं लक्ष्य द्या. ७० टेराहॅशच्या आसपास मिळतील, म्हणजे टेराहॅशला ३४ ज्यूलवरून २८-२९ वर. दिवसाला ४८ युनिट.

हाताने करणार असाल तर उतरताना आधी फ्रिक्वेन्सी, मग व्होल्टेज. चढताना उलट. क्रम चुकला की हार्डवेअर एरर वाढतात, कधी अख्खा हॅशबोर्ड (चिप बसवलेला बोर्ड) गायब होतो. मशीनच्या डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. पूलवरची (ज्या गटाला जोडून मायनिंग करता तिथली) २४ तासांची सरासरी बघा, आणि वॅट प्लगपाशी मीटर लावून मोजा.

केळीबाग: वरचं बरोबर, पण गरम हवा शेडमध्येच फिरत असेल तर काही उपयोग नाही. मागची हवा डक्टने थेट बाहेर काढा, आत येणारी सावलीच्या बाजूने घ्या. आत थंड हवा आली की पंखे हळू फिरतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग ८० टक्के झाला तर वीज जवळपास निम्मी.

मे महिन्यात हवा कोरडी असते, कूलर दहा अंश सहज पाडतो. मशीनपासून लांब ठेवा. बोअरच्या पाण्याचे थेंब उडाले की बोर्डावर क्षार धरतात. पावसाळ्यात बंदच, नुसती ओल वाढते. जवळ कापसाची जिनिंग असेल तर हंगामात कापसाचा तूस हीटसिंकमध्ये गच्च बसतो. मच्छरदाणीची जाळी लावा, आठवड्याला झटका. बारीक फिल्टर लावू नका, हवा अडते.

तापीकाठ: आणि सोलर? शिवाय संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं.

वायरमन_यावल: १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरा. ४८ युनिटला १२ किलोवॅट लागेल, तेही नेट मीटरिंग (दिवसाची जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणं) असेल तर, कारण मशीन रात्रीही चालतं. त्याने बिल कमी होईल, वापर नाही. आणि क्रिप्टोच्या ३० टक्के करात विजेचा खर्च वजा मिळत नाही, तेव्हा हिशोब त्याप्रमाणे करा.

१९० व्होल्टवर चालवू नका, पॉवर सप्लाय २०० ते २४० चा आहे. सर्व्हो स्टॅबिलायझर लावा, ५ केव्हीए पुरे. २००० वॅटवर करंट १४ वरून ९ अँपिअरच्या आत येतो, तरी ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर घ्या. प्लगची पिन गरम लागली तर सॉकेट ढिला आहे, तो बदला.