मदत हवी आहे: पुण्यातला संरक्षण आदेश गुजरातेत चालवून कसा घ्यायचा?

मंडळी, प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 18 खाली तिला पुण्याच्या कोर्टातून नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश मिळालाय. घरी, कामाच्या जागी यायचं नाही, फोन करायचा नाही. नंतर नोकरी मिळाली म्हणून ती मुलाला घेऊन गुजरातेत आली. गेल्या महिन्यात हा गडी दोनदा तिच्या सोसायटीच्या गेटवर! दुसऱ्या वेळी वॉचमनशी हुज्जतही घातली.

जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणे "आदेश महाराष्ट्राचा, तिकडेच जा." आता कलम 27 मध्ये स्वच्छ लिहिलंय की या कायद्याखालचा आदेश भारतभर लागू होतो. आदेश मोडणं कलम 31 प्रमाणे गुन्हा आहे (एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही), तोही दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र. छापील कायदा दाखवला तरी साहेब ढिम्म.

आदेश मराठीत आहे, तेही एक निमित्त झालं.

कुणी यातून गेलंय का? प्रमाणित प्रतीसोबत गुजराती भाषांतर नोटरी करून दिलं तर चालतं का? इथल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून (याच कायद्याखाली पीडितेच्या मदतीला नेमलेले सरकारी अधिकारी) पोलिसांना पत्र घ्यावं, की सरळ पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करावा? की पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढेच अर्ज टाकावा? त्यासाठी दर तारखेला तिला रजा काढून जावं लागेल, ते टाळायचंय. झीरो एफआयआरचा (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) आग्रह धरू का?

"समजुतीने घ्या" हा सल्ला कृपया नको. तो चार वर्षं ऐकून झालाय.