इटरेशनला मराठीत काय म्हणायचं? आवर्तन, फेरी की आणि काय?

– पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकालोय, राजारामपुरीत क्लास लावलाय. लूप म्हणजे तेच काम परत परत करणं एवढं कळलं, पण सर इटरेशन, इटरेबल, इटरेटर तिन्ही एका दमात बोलतात आणि नोट्समध्ये सगळ्याला 'पुनरावृत्ती'. नीट शब्द सांगा की राव.

– त्या पुनरावृत्तीनंच घोळ केलाय भावा. फॉर लूपमध्ये काम तेच असतंय पण हातात येणारी वस्तू दर वेळी पुढची. आवर्तन म्हटलं की कालव्याचं पाणी आठवतंय. मी लूपला फेरा म्हणतो आणि इटरेशनला फेरी, 'पाच फेऱ्या झाल्या' हे तोंडात बसतंय. वाइल ट्रू (कायम फिरणारा लूप) लिहून ब्रेक (थांबवायची आज्ञा) विसरला की मग चौऱ्याऐंशीचा फेरा 😄

– फेरी झकास, पण बाकीच्या दोन शब्दांत फरक पायजेच. जपमाळ घे. माळ म्हणजे इटरेबल, आणि कुठल्या मण्यावर आहोत ते धरून ठेवणारं बोट म्हणजे इटरेटर. फॉर लूप आधी 'इटर' करून बोट मागून घेतो, मग 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' करत एकेक मणी ओढतो आणि मेरुमणी आला की स्टॉपइटरेशन, ते लूप स्वतःच पकडतो म्हणून आपल्याला एरर दिसत नाही. कोडमध्ये स्वतः बनवलेल्या क्लासवर (वस्तूच्या साच्यावर, शिकवणीच्या नव्हे) फॉर चालवायचा असला तर हीच दोन फंक्शन लिहायची, नावाच्या मागंपुढं दोन-दोन अंडरस्कोर लावून. पायथन 2 मध्ये नेक्स्टला अंडरस्कोर नव्हते, त्यामुळं जुनं उदाहरण बघून टाइप केलं तर 3 मध्ये चालत नाही.

– मग मॅपचं काय ताई? मार्कांच्या लिस्टवर मॅप (प्रत्येकावर तेच फंक्शन चालवणारा) लावून मजकुराचे आकडे केले, पहिल्या लूपला बेरीज बरोबर आली, दुसऱ्या लूपला एक पण आकडा नाही आणि एरर पण नाही. साध्या लिस्टवर पायजे तेवढ्या वेळा चालतंय की.

– कारण मॅप हे स्वतःच बोट आहे, शेवटाला गेलं की परत मागं येत नाही. लिस्ट दर वेळी नवं बोट देते. रेंज (ओळीनं आकडे देणारी) पण माळच. दोनदा फिरायचं असलं तर मॅपचं आधी लिस्ट करून ठेव.

– इटरेटरला फेरीवाला म्हणा की! एकेक दार करत पुढं जातोय, माल संपला की घरी.

– महाद्वार रोडवर चालंल, इंटरव्ह्यूत नको. आणि नेक्स्ट लिहायचा कंटाळा आला तर यील्ड (फंक्शनमधनं एकेक वस्तू देत जाणारा शब्द) बघून घे, निम्मं टायपिंग वाचतंय.