मदत हवी आहे: किट गिटारचं बाइंडिंग निघता निघत नाहीये

सहावी_तार
किटमधल्या (सुटे भाग घरी जोडायच्या) इलेक्ट्रिक गिटारचं बाइंडिंग, म्हणजे कडेच्या खाचेत चिकटवलेली पट्टी, बदलायचंय. हॉर्नपाशी (बॉडीच्या शिंगासारख्या टोकापाशी) फट आहे आणि दोन ठिकाणी पट्टी उचलली गेलीय. नवी पट्टी आणून ठेवलीय, पण जुनी सुटत नाही, सुरी घातली की तुकडे पडतात. काय लावलं की गोंद सुटेल? शनिवारी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावायला घ्यायचंय, त्यामुळे लवकर सांगा. "दुसरं किट घ्या" असले सल्ले नकोत.

पटाशी
बॉडीचं की नेकचं (दांड्याचं)? टॉप, म्हणजे बॉडीची वरची बाजू, सपाट की कमानदार? वर व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आहे का? पट्टी कशाची, जाडी किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर सगळं यावरच आहे.

सहावी_तार
बॉडीचं. नेकला कशाला हात लावू? सिंगल कट आहे, म्हणजे कटअवे (नेकपाशी बॉडीत आत कापलेलं वळण) एकाच बाजूला. पट्टी प्लास्टिकची.

रंधा
"प्लास्टिक" एवढ्यानं भागत नाही. पट्टीची दोन्ही टोकं नेक पॉकेटपाशी (बॉडीत नेक बसतो त्या खळग्यापाशी) संपतात. तिथं, नेकखाली झाकलं जाईल अशा जागी, काडीनं असिटोनचा एक थेंब लावा. लगेच चिकट झाली तर एबीएस किंवा सेल्युलॉइड. फारसा फरक पडला नाही तर बहुधा पीव्हीसी. चिकट झाली तर टोकावर कानस फिरवून वास घ्या. कापराचा वास आला की सेल्युलॉइड समजा. मग हीट गन अजिबात नको, ते भडकन पेटतं. कीससुद्धा साठू देऊ नका.

सहावी_तार
चिकट झाली. कापराचा वास नाही. हीट गन काल वापरली होती, त्यानंच एका जागी पट्टी वितळून ओघळली.

पटाशी
हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं. म्हणजे एबीएस. हीट गन बाजूला ठेवा, हेअर ड्रायर पुरतो. आणि व्हेनिअरचं अजून सांगितलं नाहीत.

सहावी_तार
हो, वर फ्लेम मेपलचं (ज्वाळांसारख्या रेषांच्या मेपल लाकडाचं) व्हेनिअर आहे. टॉप किंचित कमानदार. त्यानं काय फरक पडतो?

पटाशी
सगळाच. ते व्हेनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं आणि कारखान्यात सांडलेल्या गोंदानं पट्टीला चिकटलेलं असतं. पट्टी उचकटली की व्हेनिअरची कपची तिच्यासोबत निघते, आणि ती कपची स्टेनखाली लपत नाही.

आधी नव्या ब्लेडनं पट्टी आणि लाकूड यांच्या सांध्यावर रेघ मारा, वरून आणि बाजूनंही, दोन-तीन हलक्या खेपांत. मग पॉकेटच्या टोकापासून हातभर लांबी ड्रायरनं गरम करा, पट्टी हाताला लवचीक लागेपर्यंत. पातळ पाती बाजूच्या सांध्यातून आत घाला, वरून कधीच नाही. पाती टॉपला समांतर सरकवत न्या आणि पट्टी वर न खेचता बाहेरच्या दिशेला सोलत चला. तुकडे पडतायत म्हणजे पट्टी गार आहे. खाचेत उरलेला गोंद पटाशीनं खरवडा. खाचेचा तळ आणि भिंत यांच्या कोपऱ्यात गोंदाचा कण जरी राहिला तरी नवी पट्टी तिथं उभी राहते.

अर्थिंग
ब्रिजची (तारा टेकतात त्या भागाची) बुशिंग, म्हणजे स्क्रूसाठीच्या धातूच्या नळ्या, बसवली का? बसवण्याआधी बुशिंगच्या भोकातून कंट्रोल कॅव्हिटीपर्यंत (वायरिंगच्या खळग्यापर्यंत) अर्थची वायर घ्या. सोललेलं टोक बुशिंग आणि लाकूड यांच्यात दाबलं गेलं पाहिजे. किटमध्ये हे भोक कधी कधी अर्धवट पाडलेलं असतं.

सहावी_तार
विषय बाइंडिंगचा आहे.

शेलॅक
माझं मत स्पष्ट आहे, बदलूच नका. एका हॉर्नची फट आणि दोन उचललेल्या जागा यासाठी दीड मीटर पट्टी सोलणं म्हणजे व्हेनिअरशी जुगार. नव्या एबीएस पट्टीचे बारीक तुकडे बंद काचेच्या बाटलीत असिटोनमध्ये रात्रभर ठेवा. दाट लापशी होते, ती फटीत थोडी जास्तच भरा, कारण सुकताना बसते. एक-दोन दिवसांनी दुसरा हात द्या आणि स्क्रेपरनं सपाट करा.

रंधा
फटीसाठी शंभर टक्के बरोबर. वितळून ओघळलेल्या जागेला नाही. तिथं पट्टीची जाडीच गेलीय, लापशीचा थर वर्षभर बसत राहील. निदान तेवढा भाग तिरका काप देऊन बदलावा लागेल. त्यापेक्षा अख्खी बदललेली बरी, कारण जुन्या-नव्या पांढऱ्यात फरक दिसतोच.

सहावी_तार
अख्खीच बदलतोय. कशानं चिकटवू? सुपरग्लू आहे घरात.

रंधा
सुपरग्लू बेस्ट. पातळ घ्या, पट्टी टेपनं बसवून सांध्यावर थेंब सोडत जा, स्वतःच आत शोषला जातो. तासाभरात खरवडायला तयार.

शेलॅक
स्टेन लावायचंय त्यांना! पातळ सुपरग्लू व्हेनिअरच्या रेषांतून आत पळतो. जिथं गेला तिथं स्टेन धरत नाही आणि कडेला फिकट डाग कायमचे राहतात. पॉलिश पेपरनं काढायला जावं तर व्हेनिअरच संपतं. एबीएसला असिटोनवाला बाइंडिंग सिमेंटच (बाइंडिंगसाठीचा गोंद) हवा. लाकूडकामाचा पांढरा-पिवळा गोंद तर नकोच, तो प्लास्टिकला धरत नाही.

रंधा
खाचेच्या भिंतीला आधी शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले की डाग पडत नाहीत.

शेलॅक
आणि तो हात टॉपवर ओघळला की तिथंही स्टेन धरत नाही. डाग शेवटी डागच.

पटाशी
यांच्या कामाला सिमेंटच बरा, पण त्याची अट पाळा. त्यातल्या सॉल्व्हंटनं (असिटोननं) पट्टी फुगते. दुसऱ्याच दिवशी खरवडून सपाट केली तर पुढच्या आठवड्यात ती लाकडाच्या खाली बसलेली दिसेल. निदान तीन दिवस, जमल्यास आठवडा. शनिवार विसरा.

सहावी_तार
शनिवार रद्द. पण आता नवी अडचण. खाच १.५ मि.मी. आणि पट्टी २ मि.मी. राउटरनं (लाकडात खाच पाडायच्या यंत्रानं) खाच वाढवू?

रंधा
१९ मि.मी.च्या कटरला १५ मि.मी.चं बेअरिंग लावलं की खाच २ मि.मी. होते.

पटाशी
कमानदार टॉपवर राउटरचा बेस कलतो, खाच तिरकी जाते. हॉर्नच्या टोकाला व्हेनिअर फाटतं ते वेगळंच. पट्टी बारीक करा. ठोकळ्यावर ब्लेड उभं बसवून खाली फट ठेवा आणि पट्टी त्यातून ओढा, दर खेपेला फट थोडी कमी. १.६ वर थांबा. बाजूनं ०.१ बाहेर राहिली की खरवडायला पुरते.

तीनतारा
अवांतर: फेंडरची बाइंडिंगवाली टेलिकास्टर गिटार 'कस्टम' नावानं १९५९ मध्ये आली. जुन्या गिटारींची सेल्युलॉइडची पट्टी आकसून कंबरेपाशी सुटते. एबीएसला ही भीती फार कमी.

सहावी_तार
जुनी निघाली. व्हेनिअरची एकच कपची उडाली, जपून ठेवलीय. नवी पट्टी कोरडी बसवून पाहिली. कटअवेच्या आतल्या वळणात ती सारखी बाहेर येते, टेप धरतच नाही.

पटाशी
आतल्या वळणात टेप पट्टीला लाकडापासून दूर ओढते, म्हणून. तेवढा भाग उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, वळणापेक्षा जरा जास्त वाकवून गार होऊ द्या. चिकटवताना त्या वळणाच्या गोलाईची जाड काठी घ्या, तिला मेणकागद गुंडाळा आणि क्लॅम्पनं दाबा. बाकी सगळीकडे दर दोन-तीन सेंटिमीटरवर टेप. सुरुवात कटअवेच्या बाजूनं करा, अवघड वळण आधी संपतं आणि उरलेली लांबी पलीकडच्या पॉकेटपाशी कापता येते. कपची लाकूडकामाच्या गोंदानं आजच बसवा, पट्टी लावायच्या आधी.