मदत हवी आहे : १/६ सेंच्युरियन जागेवर वळताना ट्रॅक उतरतो, आणि कॅमेऱ्यात खेळणं दिसतो

लेथवरचा_माणूस

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. दिवसा पंपाचे शाफ्ट, रात्री रणगाडा. १/६ मापाचा सेंच्युरियन बांधलाय, रेडिओवर चालणारा. खऱ्याची लांबी तोफ सोडून साडेसात मीटरच्या आसपास, म्हणजे माझा सव्वा मीटर. रुंदी ५६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना सहा-सहा चाकं, दोन-दोनच्या जोडीत, आडव्या स्प्रिंगांवर, खऱ्याला असते तशीच हॉर्स्टमन बांधणी. बॅटऱ्या धरून वजन ८५ किलो. उचलायला दोघं लागतात, त्यातला एक बायको असेल तर तिसराही लागतो, कारण मध्येच कुणाला तरी हसू येतं.

करायचं काय आहे ते आधी सांगतो. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळचं असल उत्तर. अब्दुल हमीद आणि त्यांची जीपवरची तोफ आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण उसात दबा धरून बसलेल्या आपल्या रणगाड्यांविषयी कुणी फारसं बोलत नाही. ३ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन तिथं होते. रानात पाणी सोडलेलं, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, आणि आपले उसाच्या आडून मारत राहिले. दहाएक मिनिटांची फिल्म, तीही सेंच्युरियनच्या बाजूनं, एवढाच बेत आहे. ऊस आणि पाटाचं पाणी सांगलीत कमी नाही, म्हणून हौस वाढली.

आता अडचणी.

पहिली ट्रॅकची, म्हणजे चाकांभोवतीच्या कड्यांच्या पट्ट्याची. कड्या ॲल्युमिनियमच्या, सँड कास्टिंग करून घेतलेल्या. पिना ४ मिलिमीटर सिल्व्हर स्टीलच्या. मोटारी २४ व्होल्ट २५० वॅटच्या, गिअरवाल्या, दोन. वर त्यांना चालवणारा सेबरटूथ २×६० मोटर ड्रायव्हर. सरळ जाताना सुंदर चालतो. मोठा वळसा घेतो. पण जागेवर फिरवला, म्हणजे एक ट्रॅक पुढे आणि एक मागे, की एका बाजूचा ट्रॅक उतरतो. मुरमावर कधी कधी, ओल्या काळ्या रानात हमखास. ताण वाढवला तर मोटारी गरम होतात, कमी केला तर ट्रॅक लोंबतो.

दुसरी अडचण चित्रीकरणाची. मोबाइलवर साधं ३० फ्रेमनं घेतलं की गाडा उंदरासारखा पळतो. मोबाइलचं स्लो मोशन, २४० वालं, लावलं की पाण्याखाली चालल्यासारखा तरंगतो. मधलं काही आहे का?

तिसरी, ऊस. खरा ऊस १/६ गाड्याशेजारी ताडाच्या झाडासारखा दिसतो. काय लावू?

सांगलीचा_सम्राट

भावा, आधी फोटो टाक. फोटोशिवाय धागा म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणं.

गिअरकाका

फोटो नंतर. आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. उतरतो तो कुठल्या बाजूचा ट्रॅक, पुढे जाणारा की मागे जाणारा? आणि उतरायला सुरुवात कुठून होते, पुढच्या आयडलरवरून, म्हणजे ट्रॅकला ताण देणाऱ्या मोकळ्या चाकावरून, की मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे मोटारीनं फिरणाऱ्या दातेरी चाकावरून?

लेथवरचा_माणूस

काका, दर वेळी मागे जाणारी बाजू. सुटतो मागून, स्प्रॉकेटच्या खालच्या अंगानं. कडी दातावर चढते आणि मग सगळंच बाहेर.

गिअरकाका

वाटलंच. आयडलरला तुम्ही स्प्रिंग लावलीय. हो ना?

लेथवरचा_माणूस

हो! मोटारसायकलच्या चेनला असते तशी, आपोआप ताण राहावा म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

गिअरकाका

कारण सेंच्युरियनचं स्प्रॉकेट मागे आहे. गाडा पुढे जाताना स्प्रॉकेट ट्रॅक खालच्या अंगानं ओढतं. जमिनीपासून स्प्रॉकेटपर्यंतचा तुकडा ताठ, वरचा ढिला. सैलपणा वर जातो, तिथं रोलर आहेत, काही बिघडत नाही. मागे जाताना सगळं उलट होतं. स्प्रॉकेट वरचा ट्रॅक ओढतं, ती ओढ आयडलरला वळसा घालून खाली येते. म्हणजे सगळा जोर आयडलरवर. तुमची स्प्रिंग दबते, आयडलर मागे सरकतो, आणि जितका तो सरकला त्याच्या जवळजवळ दुप्पट सैल ट्रॅक नेमका शेवटच्या चाकाच्या आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गोळा होतो. त्यात जागेवर वळण्याची आडवी घासण. कडी दातावर चढणार नाही तर काय करणार?

स्प्रिंग काढून टाका. दोन्ही बाजूंना एम१० चा बोल्ट आणि लॉकनट लावून आयडलर घट्ट करा. खऱ्या गाड्यांतही आयडलर ताणून जागेवर पक्का करतात, धक्के खायचं काम चाकांच्या स्प्रिंगांचं.

आणखी एक. कड्यांची भोकं व्हर्नियरनं मोजा. ॲल्युमिनियमच्या भोकात स्टीलची पिन आणि वर मुरमाची धूळ, म्हणजे कानसच. एका बाजूला शंभरावर कड्या असतील. प्रत्येक सांध्यात ०.२ मिलिमीटर झीज धरली तरी ट्रॅक २० मिलिमीटरनं लांबतो. ताण बोल्टनं काढता येईल, पण पिच (दोन पिनांमधलं अंतर) वाढला की दात आणि कडी जुळत नाहीत, ते ताणानं सुटत नाही. भोकांत पितळी बुश (बारीक नळ्या) टाका, नाहीतर काही कड्या काढून स्प्रॉकेट नव्या पिचला कापा. पहिला उपाय बरा. तेल मात्र लावू नका, धूळ धरून ठेवतं.

दफादार_निवृत्त

मी साताऱ्याचा. टी-५५ आणि नंतर टी-७२ वर नोकरी झाली. सेंच्युरियन माझ्या आधीच्या पिढीचा, पण गिअरकाका बरोबर बोलतात. टी-५५ ला तर वर रोलरच नव्हते, वरचा ट्रॅक चाकांवर झोपायचा. आमचे उस्ताद ड्रायव्हरला पहिलं हेच सांगायचे की मऊ जमिनीत जागेवर वळू नको, लांब वळसा घे, आणि उलटं जायचं तर सरळ जा. सेंच्युरियनचा गिअरबॉक्स जागेवर वळायला समर्थ होता, पण जमतं म्हणून रानात कुणी तसं वळत नाही. चिखलात ट्रॅक उतरला की तो चढवताना माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही.

तुम्ही खरी लढाई दाखवताय ना? मग उसात शिरलेला गाडा गरकन फिरताना दाखवूच नका. जाणकार हसतील.

काळ्या रानाचं म्हणाल तर स्प्रॉकेटमध्ये माती दाबून बसते आणि ट्रॅकला आतून उचलते. स्प्रॉकेटच्या दोन दातेरी चकत्यांमध्ये माती पडून जायला मोकळी जागा आहे का ते बघा. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन उभा आहे. गेला नसाल तर जा, आणि गाड्याच्या तोंडाचे फोटो काढण्यापेक्षा मागच्या बाजूला बसा.

फ्रेम_बाय_फ्रेम

चित्रीकरणाचं मी सांगतो. छोट्या प्रतिकृती मोठ्या भासवायचं सूत्र जुनं आहे. गुरुत्वाकर्षण काही लहान होत नाही, म्हणून काळ मापाच्या वर्गमुळानं ताणायचा. ६ चं वर्गमूळ २.४५. २४ फ्रेमची फिल्म असेल तर २४ × २.४५ म्हणजे ५९ फ्रेम. थोडक्यात, मोबाइलवर ६० फ्रेमनं घ्या आणि २४ किंवा २५ नं चालवा. २४० फ्रेम म्हणजे दसपट संथ, म्हणून तो तरंगतो. १/१६ मापाचं मॉडेल असतं तर ९६ फ्रेम लागल्या असत्या. तुमचं माप मोठं आहे हा फायदाच आहे.

वेगही त्याच हिशेबानं. खरा सेंच्युरियन रस्त्यावर ताशी ३५ किमीच्या आसपास पळायचा. पडद्यावर तसा दिसायला तुमचा १४ नं धावायला हवा. तुमच्या मोटारींवर ५-६ मिळत असेल, तो पडद्यावर १३-१४ दिसेल. उसातल्या गाड्याला पुष्कळ झाला.

आणि रिमोटवर थ्रॉटलला ‘स्लो’ टाका. ५२ टनांचा गाडा झटक्यानं सुटत नाही, झटक्यानं थांबत नाही. नाक खाली दबून सावकाश वर येतं. निम्मा खेळणेपणा तिथंच जातो.

कॅमेरा किती उंचीवर होता? उभ्या माणसाची नजर १/६ मध्ये साधारण २७ सेंटिमीटरवर येते. त्याच्या वर गेलात की बघणारा राक्षस होतो. तिपाई विसरा, वाळूची पिशवी जमिनीवर ठेवा आणि त्यावर कॅमेरा. मागचं धूसर करायचा मोह टाळा. जवळचं स्पष्ट, लांबचं पुसट असं दिसलं की डोळा लगेच ‘लहान वस्तू’ म्हणतो. ॲपर्चर बारीक ठेवा, उन्हात घ्या. धुळीला मुलतानी माती कापडानं चाळून ट्रॅकसमोर पसरा. पाण्याचे थेंब मात्र कुठल्याही सूत्रानं लहान होत नाहीत, तेव्हा शिंतोडे उडणारी दृश्यं कमी आणि लांबून.

सांगलीचा_सम्राट

आवाजाचं काय? माझ्याकडे ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचं झकास रेकॉर्डिंग आहे.

दफादार_निवृत्त

नको. सेंच्युरियनला पेट्रोलचं मिटिऑर इंजिन, बारा सिलिंडर, विमानाच्या मर्लिनमधून आलेलं. त्यावर डिझेलची धडधड घातली तर निम्मे फौजी तिथंच बंद करतील. समोरचे पॅटनही पेट्रोलचेच.

वारणाकाठचा

उसाचं मी सांगतो, शेती करतो. दादा, उसाची उंची पुरुषाच्या दीडपट धरा, ९-१० फूट. भागिले सहा, म्हणजे दीड फुटाच्या आसपास. कुणीही म्हणेल की कडवळ (चाऱ्याची ज्वारी) दाट पेरा. उंची बसेल, पण पान रुंद येतं, जवळून घेतलं की चोरी पकडली जाईल. उसाचं पान पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे तुम्हाला एक सेंटिमीटरचं पान हवं. ते भाताचं. शिराळ्याकडे या. आमच्याकडे मे अखेरीस भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, होते, पावसानं साथ दिली तर जुलैच्या उत्तरार्धात गुडघ्याला लागतं, खाचरात पाणीही आयतंच. लांबून घ्यायच्या दृश्यांना बांधाच्या मागे कडवळ चालेल.

फक्त पीक तुडवणार असाल तर एक वाफा आधी ठरवून घेऊ. तुडवलेलं पीक पुन्हा उभं राहत नाही, आणि माझे वडील ‘रीटेक’ मानत नाहीत.

गिअरकाका

रानात जाण्याआधी एक काम. मागच्या डेकवर लाल मशरूम बटण बसवा, बॅटरीचा मुख्य पुरवठा तोडणारं. रिमोटचा सिग्नल गेला की थ्रॉटल शून्यावर येतो का, तेही चाकं वर उचलून, रिमोट बंद करून तपासा. गावात पोरं गोळा होणार. ८५ किलोचा गाडा पायावरून गेला तर ते खेळणं नसतं.

लेथवरचा_माणूस

स्प्रिंगा काढून बोल्ट लावले. कारखान्यामागच्या मुरमावर मुद्दाम जागेवर फिरवत राहिलो, दोन्ही दिशांना. ट्रॅक जागच्या जागी! मोटारीही पूर्वीइतक्या तापत नाहीत, कारण जादा ताण द्यावा लागत नाही. भोकं मोजली, काका म्हणाले तशीच झिजलीत, काही तर लंबगोल. पितळी बुश टर्न करायला घेतलेत. मशरूम बटणही आणलंय.

६० फ्रेमनं एक तुकडा घेतला, कॅमेरा वाळूच्या पिशवीवर. बायकोनं बघितलं आणि विचारलं, हा कुठला खरा?

वारणाकाठचे दादा, वाफ्याचे पैसे आणि वडिलांची परवानगी दोन्ही ठरवायला पेरणीच्या आधी येऊन जातो. बसून बोलू. रुतलेल्या पॅटनसाठी प्लायवूडचे दोन सांगाडे करतोय, त्यांना मोटार नाही. एम४७ पॅटनच्या बुरुजाची मागून मापं कुणाकडे असतील तर सांगा, तेवढं अडलंय.

दफादार_निवृत्त

अहिल्यानगरला पकडलेला पॅटनही आहे. टेप घेऊन जा. आधी तिथल्या माणसाला विचारा, मग लावा.