मदत हवी आहे: भाचा लंडनहून सहा डिस्क आणतोय, कुठल्या मागवू? (आणि माझी सात मिनिटं कुठे गेली?)

नमस्कार मंडळी,

भाचा यंदा दिवाळीला लंडनहून घरी येतोय. फोनवर म्हणाला, "मामा, तुझ्या त्या विचित्र सिनेमांच्या पाच-सहा डिस्क आणतो, यादी पाठव. पण एकदाच पाठव, मागच्या वेळसारखी रोज बदलू नकोस." तीन आठवडे झाले, यादी पक्की होत नाहीये. म्हणून हा धागा.

विचित्र म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतले चेक, पोलिश आणि इटालियन सिनेमे. हे खूळ डोक्यात शिरलं पुण्यात, एफटीआयआय (फिल्म इन्स्टिट्यूट) आणि एनएफएआय (राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय) यांच्या महिनाभराच्या फिल्म अ‍ॅप्रिसिएशन कोर्सला. मधली काही वर्षं बरी गेली. पालाडोर, एनडीटीव्ही लुमिएर यांच्यासारखी मंडळी युरोपीय सिनेमांच्या डीव्हीडी इथेच काढत होती आणि त्या आमच्या जवळच्या दुकानात मिळायच्या. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. 'ऑनलाइन बघा की' असं कृपया कुणी सुचवू नका, ते सांगणारी माणसं घरात पुरेशी आहेत. आज दिसणारा सिनेमा पुढच्या महिन्यात तिथून गायब झालेला असतो, हे मी त्यांनाही सांगून दमलोय.

तर अडचणी अशा.

प्लेअर इथेच घेतलेला आहे, म्हणजे ब्लू-रेला प्रदेश 'सी' आणि डीव्हीडीला ५. (डिस्क ज्या भागात विकली तिथल्याच प्लेअरवर चालावी म्हणून कंपन्यांनी घातलेलं हे कुलूप.) डीव्हीडीचं कुलूप रिमोटवरची बटणं दाबून उघडलं, ब्लू-रेचं उघडत नाही. अमेरिकेहून एका मैत्रिणीने आणलेली 'मार्केटा लाझारोवा'ची क्रायटेरियन कंपनीची ब्लू-रे त्यामुळे दोन वर्षं कपाटात पडून आहे. (फ्रांतिशेक व्लाचिलचा १९६७चा सिनेमा. १९९८मध्ये चेक समीक्षकांनी त्याला आजवरचा सर्वोत्तम चेक चित्रपट ठरवलं होतं. मी अजून तो फक्त लॅपटॉपवर, अंधूक प्रतीत पाहिलाय.) प्लेअर डिस्क आत घेतो, गुरगुरतो आणि प्रदेश चुकला म्हणून बाहेर काढतो. ब्रिटनच्या डिस्क 'बी'. म्हणजे त्याही अशाच बाहेर येणार का?

दुसरी अडचण जास्त जिव्हाळ्याची. वोयचेख हासचा 'द सारागोसा मॅन्युस्क्रिप्ट' (१९६५) कुणी पाहिलाय का? एक सरदार स्पेनच्या डोंगरातून जाताना एका ओसाड खाणावळीत उतरतो, तिथे दोन राजकन्या भेटतात आणि सकाळी डोळे उघडतात ते फासावर लटकलेल्या दोन प्रेतांखाली. मग जो भेटेल तो गोष्ट सांगतो, त्या गोष्टीतला माणूस आणखी एक गोष्ट सांगतो, त्या गोष्टीतला आणखी एक. वेताळ आणि कथासरित्सागर एका भांड्यात शिजवले तर असं काहीतरी होईल. संगीत पोलिश संगीतकार पेन्डेरेत्स्कीचं. या सिनेमावर माझा इतका जीव आहे की त्याच्यासाठी लोकांशी भांडलोय.

मूळ सिनेमा १८२ मिनिटांचा. परदेशात तो कापून दाखवला, अमेरिकेत १४७ आणि ब्रिटनमध्ये १२५ मिनिटांचा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा जेरी गार्सिया याचा भक्त होता. पूर्ण प्रत मिळवायला त्याने पॅसिफिक फिल्म अर्काइव्हला पैसे दिले, पण हाती आलेली प्रत अपुरी निघाली. १९९५मध्ये तो वारला आणि पुढचं काम दिग्दर्शक स्कोर्सेसी आणि कपोला यांच्या पैशांतून झालं. हे सगळं माहीत असल्यामुळे मी माझी ब्रिटिश डीव्हीडी 'पूर्ण आवृत्ती' अशी खात्री करूनच घेतली होती. परवा सहज घड्याळ पाहिलं, तर ती २ तास ५४ मिनिटं ४० सेकंदांत संपते. सात मिनिटं गायब! कुठली कापली असतील? एवढ्या गोष्टींच्या गुंत्यात एखादी अख्खी गोष्ट गेली तरी मला कळणार नाही.

तिसरं, इटालियन जाल्लो, म्हणजे तिकडचे खून-रहस्याचे थरारपट. दिग्दर्शक आर्जेंतोचा 'डीप रेड' (१९७५) घ्यायचा आहे. १२६ मिनिटांचा इटालियन घ्यावा की १०५ मिनिटांचा इंग्रजी? मूळ भाषेतच बघावा असं माझं मत आहे, पण नायक इंग्रज नट आहे.

शेवटचं म्हणजे जुन्या चार डीव्हीडींवर या पावसाळ्यात पांढरे ठिपके आलेत. चष्म्याच्या फडक्याने पुसले तर फिरून येतात.

सध्याची यादी: मार्केटा (परत), व्हॅलरी अँड हर वीक ऑफ वंडर्स, द क्रिमेटर, मॉर्गियाना, सारागोसा, डीप रेड. कळवा.

ठाणेकरीण

ठिपक्यांचं आधी सांगते, कारण ते थांबत नाहीत. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, बोटाने अगदी हलके धुवा आणि मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. आपण सगळे तेच करतो आणि ओरखडा नेमका माहितीच्या ओळीतच पडतो. डबीसुद्धा धुऊन, वाळवून मगच डिस्क आत ठेवा, नाहीतर बुरशी तिथूनच परत येईल. तुमचे ठिपके फिरून येतात ते बहुधा त्यामुळेच. कपाटात सिलिका जेल ठेवा.

पण डिस्क उजेडात धरून बघा. डाग वर नसून आत असेल, कडेने कॉफीच्या रंगाचा पसरत असेल, तर धुऊन उपयोग नाही. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. तो डिंक सुटला की हवा आत जाते आणि आतला चकचकीत धातूचा थर खराब होतो. तशी असेल तर आजच कॉपी करून घ्या.

पांढरी_दोन

तुमची सात मिनिटं कुणी कापलेली नाहीत. १८२ला २४ने गुणा आणि २५ने भागा.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातलं जुनं टीव्ही, म्हणजे पाल पद्धत, २५ने. तिथल्या डीव्हीडीवर सिनेमा चढवताना ते सरळ २४ऐवजी २५ने पळवायचे. म्हणजे चार टक्के भरभर. कात्री कुठेच लागत नाही, माणसं जराशी लगबगीने चालतात, इतकंच. आपलं दूरदर्शनही पालवालंच, त्यामुळे आपल्या पिढीने रविवारचे सिनेमे बहुधा असेच लगबगीत पाहिले आहेत.

माझं हे नाव का आहे तेही सांगतो. वेग वाढला की सूरही चढतो, जवळजवळ पाऊण पट्टी. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते. काही कंपन्या तो सूर नंतर उतरवून घेतात, सगळ्या नाही. माझ्यासारख्या पेटी वाजवणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात टोचतं. पेन्डेरेत्स्की ऐकायचा असेल तर ब्लू-रे घ्या. त्यावर सिनेमा २४नेच चालतो. पाठीवर १८२ मिनिटं छापलेली असली की झालं.

इसारकाठी

म्युनिकहून लिहितोय. इथे असल्या डिस्कचा महापूर आहे, पण दोन गोष्टी जपा.

पहिली, इंग्रजी सबटायटल. जर्मन आणि इटालियन डिस्क चित्राला सुंदर असतात आणि सबटायटल बघावीत तर फक्त जर्मन, किंवा काहीच नाही. मी इटलीहून दिग्दर्शक बावाचे दोन सिनेमे हौसेने मागवले आणि इटालियन बायकोच्या शोधात निघावं का असा विचार करत बसलो. विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी, मीडियाबुक. म्हणजे जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि त्यात डिस्क. एकाच सिनेमाची तीन मुखपृष्ठं काढतात, अ, ब आणि क. आतला माल तोच असतो. तिन्ही घेणारे लोक मी पाहिलेत. (एक तर रोज आरशात दिसतो.) जर्मनीत ज्या भयपटांवर सरकारी यादीमुळे विक्रीची बंधनं येतात, त्यांच्या न कापलेल्या आवृत्त्या बऱ्याचदा ऑस्ट्रियातून निघतात.

'डीप रेड'बद्दल. त्यात मूळ भाषा शोधू नका. त्या काळात इटलीत सेटवरचा आवाज वापरतच नसत. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा आणि नंतर सगळ्यांचं डबिंग व्हायचं. डेव्हिड हेमिंग्ज इंग्रजीत बोलतोय, समोरची बाई इटालियनमध्ये, आणि दोघांचं एकमेकांना कळल्यासारखं आपण मानायचं. लांबी मात्र महत्त्वाची. १२६वाला घ्या. त्यात इंग्रजी आवाज लावलात तर मध्येच पात्रं इटालियनमध्ये बोलायला लागतील, कारण कापलेल्या भागाचं इंग्रजी डबिंग उपलब्ध नाही. डिस्क खराब निघाली म्हणून परत पाठवू नका!

ता.क. जाल्लो म्हणजे पिवळा. १९२९पासून मोंदादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथा पिवळ्या वेष्टणात यायच्या, त्यावरून. घरी 'मी पिवळे सिनेमे जमवतो' असं सांगू नका. मी सांगितलं होतं. आईने दोन दिवस अबोला धरला.

ठाणेकरीण

@इसारकाठी 😄

धागाकर्ते, प्लेअरचं कुणी बोललंच नाही. सहा डिस्क मागवून त्या लागल्या नाहीत तर काय उपयोग? ब्लू-रेच्या खोक्याच्या पाठीवर षटकोनी खूण असते, आत ए, बी किंवा सी. तीनही अक्षरं असतील तर तुमच्याकडे लागेल. सेकंड रन ही लंडनची छोटी कंपनी २००५पासून मध्य आणि पूर्व युरोपातलेच सिनेमे काढते. त्यांच्या ब्लू-रे बहुतेक सगळ्या प्रदेशांत चालतात. तुमच्या यादीतले चेक सिनेमे त्यांच्याकडे बघा. इतर बऱ्याच ब्रिटिश ब्लू-रेवर मात्र नुसता बी असतो.

आणि फोर-के यूएचडी डिस्कला प्रदेशच नसतो. पण तो प्लेअर वेगळा.

माझा सल्ला: भाच्याला दोन डिस्क कमी आणायला सांगा आणि मल्टी-रिजन केलेला, म्हणजे सगळ्या प्रदेशांच्या डिस्क वाचणारा, जुना प्लेअर आणायला सांगा. तिकडे असे बदल केलेले प्लेअर विकत मिळतात. साधा ब्रिटिश प्लेअर नको, तो फक्त बी वाचेल आणि तुमची अमेरिकन मार्केटा कपाटातच राहील. मल्टी-रिजन आला की ती तुमच्याकडे आहेच, परत विकत घ्यायची गरज नाही. वीज तिकडेही २३० व्होल्ट, ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

पांढरी_दोन

ताईंना अनुमोदन. मॉर्गियानाबद्दल एक. युराय हर्ट्सचा १९७२चा. इवा यान्झुरोवाचा डबल रोल, एक बहीण गोड आणि दुसरी विष घालणारी. त्याच वर्षी आपल्याकडे 'सीता और गीता' आला होता. दोन्ही लागोपाठ बघा, रविवार सार्थकी लागेल. सेकंड रनने तो डीव्हीडीवर काढला होता. तीच मिळाली तर सूर चढलेला असेल, हे लक्षात ठेवून ऐका.

धागाकर्ता

मंडळी, काय बोलू. रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २ तास ५४ मिनिटं ४० सेकंद गुणिले २५ भागिले २४. उत्तर एकशे ब्याऐंशी मिनिटांना तीन सेकंद कमी. सात मिनिटं सापडली. ज्या विक्रेत्याला मी त्या दिवशी कडक ईमेल पाठवलं होतं, त्याला आज माफीचं पाठवलं.

ठिपके धुतले. तीन डीव्हीडी स्वच्छ झाल्या. चौथीच्या आत कडेला तपकिरी चंद्रकोर आहे, ती कॉपीला लावलीय, ७८ टक्क्यांवर घरघरतेय.

भाच्याला पाठवलेली यादी: मल्टी-रिजन प्लेअर (वापरलेला चालेल), व्हॅलरी, क्रिमेटर, सारागोसाची ब्लू-रे (पाठीवर १८२ बघून), डीप रेड १२६ मिनिटांचा आणि इंग्रजी सबटायटलवाला. मार्केटा यादीतून काढली. मॉर्गियाना पुढच्या खेपेला.

त्याचा उलटा प्रश्न आला: "प्लेअरची पिन तीन चपट्या पायांची आहे मामा, तुझ्या सॉकेटमध्ये कशी जाणार?" याचं काही उत्तर आहे का कुणाकडे? अडॅप्टर सैल बसतात, ठिणग्या उडतात असा अनुभव आहे.

ठाणेकरीण

प्लेअरच्या मागे केबल निघणारी आहे का, हे त्याला बघायला सांगा. तिथे इंग्रजी आठसारखं भोक असेल तर तिकडची केबल आणूच नका म्हणावं. जुन्या टेपरेकॉर्डरची वायर बरोबर बसते.

धागाकर्ता

माळ्यावर आहे! बाबांच्या टू-इन-वनची. उद्या शिडी काढतो.